मामा नेमका कधी गेला? पोस्टमॉर्टेमच्या वेळी मला कळलेलं

मामा गेल्यावर पहिल्या दिवसात मला एकच प्रश्न तीन माणसांनी विचारला. आधी पोलिसांनी, मग बोटीवर असलेल्या दादाने (मामाचा मुलगा) व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर रडत रडत, आणि संध्याकाळी भटजींनी. कधी गेला? तिघांची कारणं वेगळी. पोलिसांना यात काही काळंबेरं नाही ना ते बघायचं होतं, दादाला बाबा किती वेळ तसाच पडून होता आणि कोणी वेळेत पोचलं असतं तर वाचला असता का हे हवं होतं, आणि भटजींना तिथी हवी होती कारण त्या शुक्रवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास दशमी संपून एकादशी लागत होती. आणि मामा घरात एकटा होता, बघणारं कोणीच नव्हतं. या प्रश्नाचं उत्तर माणसाचं शरीरच कसं देतं आणि किती देतं, हे मी तेव्हा फार जवळून बघितलं. आपल्याकडे यावर कोणी बोलत नाही, पोस्टमॉर्टेम म्हटलं की सगळे तोंड फिरवतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

मामाचं घर गोव्यात, डिचोलीच्या बाजूला. मामी गेल्यापासून तो एकटाच, वय ७१, डायबेटिस जुना, बीपीची गोळी चालू. शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास माझ्याशी बोलला, "आत्ताच जेवलो गो, पेडव्यांचं हुमण केलंय, उद्या येतेस तर ठेवतो तुला." मे महिना, उकाडा मरणाचा. शनिवारी सकाळी पोदेर (पाववाला) नेहमीसारखा हॉर्न वाजवत आला आणि गेटला लावलेल्या पिशवीत उंडे टाकून गेला, तो साडेसहाला येतो. नऊ वाजून गेले तरी पिशवी तशीच लटकलेली आणि पेपर पायरीवर पडलेला बघून शेजारच्या वहिनीने हाक मारली, ओ नाही, मग तिच्या नवऱ्याने म्हणजे भाईंनी मागचं दार ढकललं. मामा पलंग आणि कपाटाच्या मधे लादीवर डाव्या कुशीवर पडलेला, लुंगी आणि बनियन, वर पंखा फिरत होता. भाईंनी त्याला उताणा केला, उजवा हात कोपरात दुमडून ताठ झालेला तो जोर लावून सरळ केला, अंगावर चादर घातली आणि मला फोन केला. मी पर्वरीहून पोचेपर्यंत १०८ वाले येऊन तपासून गेले होते, पोलिसांना कळवा म्हणाले.

पोलिसांनी अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद केली. याचा अर्थ कोणी मारलं असा होत नाही, एकटा माणूस मेलेला सापडला आणि कारण माहीत नाही की ही नोंद होतेच. पूर्वी हे सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १९४ आलंय. दोन पंच बोलावून इन्क्वेस्ट पंचनामा करतात, म्हणजे मयत कुठे कसं पडलं होतं, अंगावर काय खुणा आहेत, आजूबाजूला काय आहे हे सगळं लिहून काढतात. आमच्याकडचे एक काका मधे पडले, "हार्टच असणार, वय झालेलं, कशाला ती चिरफाड, घरच्या डॉक्टरकडून दाखला घ्या." खरं सांगते, पोस्टमॉर्टेम झालं हे किती बरं झालं. झालं नसतं तर आम्ही सगळे आयुष्यभर वेगवेगळ्या कल्पना डोक्यात घेऊन बसलो असतो.

कारण तोवर अंगणात कुजबुज सुरू झालेली. मामा गोरा होता, त्यामुळे ते फारच उठून दिसत होतं. डावा गाल, डावा खांदा, छातीची डावी बाजू, डावी मांडी सगळं जांभळट लाल, आणि मधेच खांद्याच्या टोकावर आणि कमरेच्या हाडावर पांढरेफटक ठिपके, हाताच्या पंजाएवढे. ओठांच्या कडेला आणि कानाच्या पाळीला बारीक बारीक ओरखडे, तपकिरी. कोणीतरी हळूच म्हणालं, "मारलेलं दिसतंय हे." तो शब्द माझ्या कानात गेला तो रात्रीपर्यंत बाहेर निघाला नाही.

पीएसआय तरुण होता पण व्यवस्थित. त्याने एकेक लिहून घेतलं, पंखा चालू, खिडकीला जाळी आणि जाळी बंद, अंग डोक्यापासून पायापर्यंत ताठ, जांभळे डाग कुठे कुठे, फोटो घेतले, आणि भाईंना पुन्हा पुन्हा विचारलं की तुम्ही आत गेलात तेव्हा तो कुठल्या कुशीवर होता आणि उताणा किती वाजता केलात. भाई बिचारे घाबरले, त्यांना वाटलं आपल्यावरच येतंय. साधारण पावणेदहा, असं ठरलं. मला तेव्हा समजलं नाही याचं एवढं काय, नंतर कळलं की सगळ्यात मोठा धागा तोच होता.

घरातल्या वस्तूंनीही आपापली साक्ष दिली. गोळ्यांचा तो आठवड्याचा डबा असतो ना खणांचा, त्यात शुक्रवार रात्रीचा खण रिकामा आणि शनिवार सकाळचा भरलेला. जेवणाचं ताट घासून पालथं घातलेलं. मच्छरदाणी सोडलेली पण बिछाना जेमतेम चुरगळलेला. आणि फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर लास्ट सीन १०:५२, गावच्या देवळाच्या ग्रुपवर कोणाला तरी वाढदिवसाचे हात जोडलेले टाकलेले. म्हणजे १०:५२ ला मामा जिवंत होता आणि साडेसहाला पोदेर आला तेव्हा बहुतेक नव्हता, कारण पाव घ्यायला तो रोज स्वतः गेटवर जायचा. आता या मधल्या साडेसात तासांतून पुढे कसं जायचं ते शरीराकडे.

मयत बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला नेलं. बाहेर झाडाखाली बसून होतो, तिथे आपल्यासारखे आणखी लोक असतातच, कोणी कोणाला काही विचारत नाही. पीएम (पोस्टमॉर्टेम) दुपारी तीनच्या सुमारास सुरू झालं पण त्याच्या आधी डॉक्टर मॅडमनी मला आणि भाईंना आत ऑफिसात बोलावलं. त्यांनी मयत वरवर बघितलेलं होतं. मला वाटलेलं आजाराचं विचारतील, तर पहिला प्रश्न, "रात्री किती वाजता जेवले आणि काय जेवले?" मग डायबेटिस किती वर्षं, लादी कसली आहे, पंखा किती वर होता, ताप वगैरे होता का, आदल्या दिवशी काही अंगमेहनत केली का. आणि मग भाईंकडे बघून, "उजवा हात कोणी सरळ केला?" भाई म्हणाले मी. मॅडमनी नुसती मान हलवली आणि लिहिलं. डावं कोपर लाकडासारखं घट्ट होतं आणि उजवं ढिलं, हे त्यांनी हात लावताच ओळखलेलं. एकदा पूर्ण आलेला ताठरपणा जोर लावून मोडला की तो त्या सांध्यात परत येत नाही. हे त्यांना माहीत नसतं आणि आम्हीही सांगितलं नसतं तर एक हात ढिला का याचा अर्थ काहीही लागला असता.

पीएम झाल्यावर त्या बाहेर आल्या, माझी अवस्था बघून खुर्चीत बसवलं, आणि मी पहिलं ते डागांचंच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, कोणी हात लावलेला नाही त्यांना. ते रक्त आहे त्यांचंच, खाली उतरलेलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. हृदय थांबलं की रक्त फिरायचं थांबतं आणि वजनाने शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या भरतात आणि कातडी जांभळी दिसते. याला लिव्हिडिटी म्हणतात. अर्ध्या तासाने, तासाने ठिपके दिसायला लागतात, ते एकमेकांत मिसळत जातात आणि तीन-चार तासांत चांगलंच दिसतं. पण जिथे अंग जमिनीला टेकून दाबलेलं असतं तिथल्या वाहिन्यांत रक्त शिरूच शकत नाही म्हणून तिथे पांढरं राहतं. मामाच्या खांद्यावर आणि कमरेवर ते पांढरे ठिपके म्हणजे लादीला टेकलेली जागा. माराचा वण असता तर त्या जागी कापून बघितल्यावर रक्त मांसात मुरलेलं असतं आणि पाणी टाकून धुतलं तरी जात नाही, इथे रक्त वाहिन्यांतच होतं, धुतलं तसं गेलं. ओठ आणि कानाचे ओरखडे म्हणजे मुंग्या. आपल्याकडे मे महिन्यात घराघरात मुंग्या असतातच, मेलेल्या अंगाची वरची कातडी त्या कुरतडतात, पण त्या जखमेभोवती लाली किंवा सूज नसते कारण तेव्हा रक्त फिरत नसतं. मी हे ऐकलं आणि इतका वेळ छातीवर असलेला धोंडा खाली ठेवल्यासारखं झालं. भाई तर तिथेच रडायला लागले.

आता पावणेदहाचा धागा. सुरुवातीच्या काही तासांत मयताची कूस बदलली तर हे उतरलेलं रक्तही परत हलतं आणि नव्या खालच्या बाजूला जमायला लागतं. पण साधारण सहा ते बारा तासांनी ते एका जागी पक्कं होतं, मग कूस बदलली तरी हलत नाही आणि बोटाने दाबलं तरी कातडी पांढरी पडत नाही. भाईंनी मामाला पावणेदहाला उताणा केला. तीन वाजता मॅडमनी बघितलं तर डाग सगळे डाव्या बाजूलाच, दाबून हटत नव्हते, आणि पाठीवर नवीन काहीच उतरलेलं नव्हतं. म्हणजे पावणेदहाला ते पक्कं झालेलं होतं. म्हणजे तेव्हा मामाला जाऊन निदान सहा तास तरी झालेले असणार, म्हणजे पहाटे पावणेचारच्या आधी. एवढ्याशा गोष्टीवरून, नुसत्या कोणी कधी हलवलं यावरून, पावणेचारनंतरचा सगळा वेळ गळून पडला. आणि मामा जिथे सापडला तिथेच आणि तसाच गेला, कोणी आणून टाकलेलं नाही, हेही त्यातूनच कळतं. डाग पाठीवर आणि माणूस सापडला कुशीवर असं असतं तर चौकशी वेगळ्याच दिशेने गेली असती.

ताठरपणाबद्दल माझा समज असा होता की जीव जाताना माणूस आखडतो, वेदनेने मुठी आवळतो वगैरे. तसं नसतं. मेल्यावर आधी सगळे स्नायू सैल पडतात. स्नायू आखडायला जशी शक्ती लागते तशी सुटायलाही लागते, ती एटीपी नावाच्या रसायनातून मिळते, आणि मेल्यावर ते नवीन तयार होत नाही, असलेलं संपलं की स्नायूंतले तंतू एकमेकांत अडकून बसतात. सगळ्या स्नायूंत एकदमच सुरू होतं पण लहान स्नायूंत आधी दिसतं, पापण्या, मग जबडा, मान, हात, पाय. थंड देशांतल्या पुस्तकांत बाराचं गणित असतं म्हणे, बारा तास यायला, बारा तास राहायला, बारा तास जायला. आपल्याकडच्या हवेत ते चालत नाही, इथे तास-दोन तासांत सुरू होतं आणि भराभर पुढे जातं, आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तासांत उतरायलाही लागतं. ताप असेल, फिट आलेली असेल, मरण्याआधी खूप धावपळ झाली असेल तर आणखी लवकर. अंगमेहनतीचं का विचारत होत्या ते तेव्हा लक्षात आलं. मामाचं अंग सकाळी पूर्ण ताठ होतं, तीन वाजता हातपाय ताठच पण जबडा किंचित सैल व्हायला लागलेला. म्हणजे ताठरपणा आपला वरचा टप्पा गाठून परतीला लागलेला.

तापमानाचं मला फार वाटलेलं, टीव्हीवर तेच दाखवतात, थर्मामीटर लावला आणि वेळ सांगितली. मॅडम म्हणाल्या गोव्यात मे महिन्यात त्याने फारसं हाती लागत नाही. शरीर बाहेरच्या हवेएवढं होईपर्यंत थंड होत जातं आणि तेही एकसारख्या वेगाने नाही, सुरुवातीला काही वेळ जवळजवळ थांबून राहतं, मग उतरतं, आणि शेवटी परत मंद होतं. आपल्याकडे तासाला साधारण अर्धा अंश सेल्सिअस धरतात. पण जिथे रात्रीच २८ अंश आणि दुपारी ३३-३४, तिथे ३७ वरून उतरायला जागाच किती? काही तासांत ते दोन आकडे इतके जवळ येतात की फरकावरून काही सांगायला उरत नाही. शिवाय जाड माणूस हळू गार होतो, पंखा असेल तर लवकर, लादीवर असेल तर आणखी वेगळं. हेन्सगे नावाच्या जर्मन डॉक्टरने या सगळ्याचा, म्हणजे अंगाचं तापमान, हवेचं तापमान आणि वजन यांचा मेळ घालणारा एक आलेख बनवलाय, तो जगभर वापरतात, पण सगळं नीट मोजलेलं असलं तरी त्यातही पुढेमागे पावणेतीन-तीन तास धरावेच लागतात. हे ऐकून टीव्हीवरचे ते "मृत्यू ११ वाजून १० मिनिटांनी झाला" सांगणारे डॉक्टर आठवले आणि खरंच राग आला, लोक तेच खरं मानून बसतात.

जेवणाचं पण तसंच सांभाळून घ्यायचं असतं. मामाच्या पोटात भात ओळखू येईल असा, अर्धवट पचलेला आणि थोडाच होता. हलकं खाणं एक-दोन तासांत पुढे सरकतं, पोटभर भाताचं जेवण चार ते सहा तास घेतं. यावरून जेवणानंतर दोन ते चार तासांत गेला असं म्हणता येईल, म्हणजे अकरा ते एक. पण डायबेटिस जुना असला की पोट सावकाश रिकामं होतं, भीतीने किंवा आजारपणातही होतं, त्यामुळे मॅडमनी त्यावर एकट्यावर भर दिला नाही, नुसतं बाकीच्यांशी जुळतंय एवढंच बघितलं. हे मला फार आवडलं, एका खुणेवर कोणी उडी मारली नाही.

डोळे अर्धवट उघडे राहिलेले, बुबुळाच्या दोन्ही बाजूला पांढऱ्या भागावर तपकिरी पट्टा आलेला. तोही मी आधी काहीतरी भलतंच समजले होते. डोळा उघडा राहिला की पापणीने न झाकलेली जागा वाळते आणि तिथे काही तासांत असा पट्टा पडतो. आणि पोटावर उजवीकडे खाली, जिथे अपेंडिक्सचं दुखणं दाखवतात त्या बाजूला, अगदी पुसट हिरवट झाक. तिथे मोठ्या आतड्याची सुरुवात कातडीच्या जवळ असते, आतले जंतू आधी तिथे काम सुरू करतात, त्यातून निघणारा गॅस रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून हा हिरवा रंग येतो. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत दिसायला लागतो, थंडीत दिवस-दोन दिवस घेतो. इथे तो नुकताच लागत होता.

दादाचा प्रश्न मात्र यातल्या कशानेच सुटत नव्हता. कारण या सगळ्या खुणा प्राण गेल्यापासून मोजायच्या असतात, माणूस पडल्यापासून नाही. दादाला तेच खात होतं, बाबा लादीवर पडून रात्रभर हाका मारत होता का. हे मी मॅडमना विचारलं तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता. त्यांनी हृदयाचं सांगितलं. डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी आधीच चरबीने अरुंद झालेली आणि तिथे ताजी गुठळी. रक्तपुरवठा तुटल्यावर हृदयाच्या स्नायूचा रंग बदलतो, पण नुसत्या डोळ्यांना दिसायला बरेच तास जावे लागतात. मामाच्या हृदयात तो बदल अजिबात नव्हता. म्हणजे गुठळी अडकली आणि त्यानंतर तो फार वेळ जगला नाही. "रात्रभर तळमळत होते असं काही मला दिसलं नाही, तुम्ही भावाला हे सांगू शकता," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी दादाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "परत सांग."

रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं, मृत्यू शवविच्छेदन सुरू करण्यापूर्वी १२ ते १८ तास. तीन वाजल्यापासून मागे मोजलं की रात्री नऊ ते पहाटे तीन. दादा वैतागला, सहा तास म्हणजे काय उत्तर झालं? मला नाही तसं वाटलं. नऊ वाजता तो माझ्याशी बोलत होता, १०:५२ ला फोन वापरलेला, म्हणजे उरले १०:५२ ते तीन, जेवणाचा हिशोबही त्यातच बसतो. डॉक्टरने शरीरावरून जेवढं सांगता येतं तेवढंच लिहिलं, बाकीचं फोन, गोळ्यांचा डबा आणि पोदेराची पिशवी सांगते, आणि ते जोडणं पोलिसांचं आणि आपलं काम. त्यांनी साडेबारा असा एक आकडा लिहिला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं पण त्याला आधार काही नसता. कोर्टात कोणाच्या तरी गळ्याशी येणाऱ्या केसमध्ये असा आधार नसलेला आकडा किती महाग पडेल याचा विचार करा, जो माणूस अकरापर्यंत लोकांच्या समोर होता तो एका आकड्याने सुटेल नाहीतर अडकेल.

भटजींना मी हे सगळं सांगितलं, अगदी १०:५२ सकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पंचांग काढलं आणि म्हणाले, दशमीचा तासही भरत नाही यात, उरलेला सगळा वेळ एकादशीचा आहे, एकादशी धरूया. वर्षश्राद्ध त्या तिथीला. दाखल्यावर शनिवारची तारीख पडली. दादा येईपर्यंत मयत शवागारातच ठेवलेलं.

त्या थंडीचंही एक आहे. शवागाराच्या थंडीत हे सगळे बदल जवळजवळ थांबतात, म्हणून आधी काय दिसत होतं ते किती वाजता कोणी लिहून ठेवलं याला एवढी किंमत. सकाळी त्या पीएसआयने "अंग पूर्ण ताठ, डाग डाव्या बाजूस" वेळेसकट लिहिलं नसतं आणि पीएम दुसऱ्या दिवशी झालं असतं तर यातलं बरंचसं हातातून गेलं असतं. आणि जास्त दिवस गेलेले असतील तर गणितच बदलतं. बांबोळीला बाहेर बसलेलो तेव्हा शेजारी एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा नदीत बुडालेला. पाण्यात शरीर हवेपेक्षा सावकाश कुजतं, जुना ठोकताळा आहे की हवेत एक आठवडा म्हणजे पाण्यात दोन आणि जमिनीत पुरलेलं असेल तर आठ, पण आपलं पाणी उबदार, त्यामुळे तोही सैलच धरायचा. कित्येक दिवसांनी सापडलं तर माश्यांच्या अळ्या किती वाढल्यात यावरून अंदाज बांधतात, आणि डोळ्याच्या बुबुळामागे आत असलेल्या द्रवात पोटॅशियम तासागणिक वाढत जातं ते मोजूनही. मामाच्या बाबतीत जाळी बंद होती, माशी आत आलीच नव्हती.

ज्यांचे आईबाबा, मामा-मावश्या गावात एकटे राहतात त्यांना माझं एवढंच सांगणं. देव करो आणि वेळ न येवो, पण दार उघडून आत गेलात आणि माणूस गेलेलाच आहे हे दिसलं, तर उचलून पलंगावर घालायची, हातपाय सरळ करायची, तोंड पुसायची घाई करू नका, ती मायेनेच होते हे मला माहितीये. जरा जरी शंका असेल की जिवंत आहे तर काहीही बघू नका, सरळ उचला आणि १०८ ला फोन करा. पण अंग ताठ असेल तर तसंच राहू दे. पंखा, एसी, खिडकी जशी होती तशी ठेवा, आणि हलवावंच लागलं तर किती वाजता आणि कुठल्या कुशीवरून कुठल्या कुशीवर ते लक्षात ठेवून पोलिसांना सांगा, लपवू नका. शेवटचं कोण बोललं, काय जेवला, कुठल्या गोळ्या चालू होत्या ते एका कागदावर लिहून डॉक्टरच्या हातात द्या. फोन चार्जिंगला लावा पण उघडून मेसेज टाकत बसू नका, लास्ट सीन बदलतो. पीएमच्या रिपोर्टची प्रत पोलीस स्टेशनला अर्ज करून मागता येते, आणि ती आली की त्यातले तास पीएम सुरू झाल्याच्या वेळेपासून मागे मोजायचे, सापडल्याच्या वेळेपासून नाही.